जागच्या जागी

घर लहान असले की भूमिती न शिकताही येते. आमच्या शाळेत आयताचे क्षेत्रफळ काढायला सांगितले की मोठ्या घरांतली मुले सूत्र आठवू लागतात, आणि एका खोलीत राहणारी मुले क्षणभर वर छताकडे पाहतात. लांबी गुणिले रुंदी एवढ्यावर त्यांच्या घरी भागत नसते; उंचीही हिशेबात धरायची त्यांना सवय असते. मी त्यांचे गुण कापीत नाही.

हल्ली लहान घराचे दुःख करण्यापेक्षा त्यावर युक्त्या काढण्याकडे लोकांचा कल आहे. माझी पत्नी रात्री जेवणे आटोपली की मोबाईलवर चित्रफिती पाहते. पलंगाच्या पोटात कप्पे, जिन्याच्या पायरीपायरीत खण, भिंतीतून बाहेर येणारे आणि जेवण झाले की निमूटपणे भिंतीत निघून जाणारे टेबल! मीही तिच्या खांद्यावरून डोकावतो, आणि कौतुक करतो. एकच गोष्ट मला खटकते. त्या घरांत माणसे नसतात. कप्पा उघडणारा एक गोरापान हात काय तो दिसतो.

आमच्या लालबागच्या खोलीत हातांना तोटा नव्हता. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, आणि त्यातच एका कोपऱ्यात मोरी. माणसे सात : आजी, आबा, आई, काका आणि आम्ही तीन भावंडे. म्हणजे माणशी सतरा चौरस फूट. एवढ्यात एक सतरंजीदेखील पुरती पसरत नाही, आणि शिवाय भांडी, धान्य, कपडे, दप्तरे आणि देव यांनाही कुठे तरी राहायचेच होते. आमची चाळ खाजगी मालकाची. सरकारी चाळींत थोडी ऐसपैस जागा, असे आम्हांला वाटे. मुंबई सरकारने १९२० साली काढलेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. वरळीला माझी मावशी राही. तिच्याकडे जायचे म्हणजे आम्हांला हवापालट वाटे.

आमच्या खोलीचे आईने तीन मजले केले होते, एकही वीट न लावता. वीट लावली नाही असे तरी कसे म्हणू? लोखंडी कॉटच्या चारी पायांखाली चार-चार विटा होत्या. त्यामुळे कॉटखाली जो काळोख निर्माण झाला तो पहिला मजला. तेथे ट्रंका, पाटा-वरवंटा, कांद्याची टोपली आणि परीक्षेच्या दिवसांत माझा मोठा भाऊ. मधला मजला भिंतींचा : मांडणी, खुंट्या, देवांची फळी, आणि छतालगत दोऱ्यांनी टांगलेला बांबू. त्यावर ओले कपडे काठीने चढवायचे आणि वाळले की काठीनेच उतरवायचे. तिसरा मजला पोटमाळ्याचा. तेथे गणपतीचे मखर, पाळणा, जादा गोधड्या आणि वर्षाची बेगमी. मसाल्याच्या बरणीत वरती हिंगाचे खडे, तोंडाला दादरा बांधलेला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. गव्हात कडुनिंबाचा पाला. आईचा कायदा एका वाक्याचा होता : रोज लागेल ते हाताला, महिन्याने लागेल ते स्टुलाला, वर्षाने लागेल ते शिडीला.

ही विद्या तिने माहेराहून आणली होती. सातारकडच्या त्या घराच्या भिंती हातभर जाड, आणि जाडीचा कोठेही अपव्यय नाही. दिव्याला देवळी, तांब्या-भांड्याला कोनाडा, धान्याला भिंतीच्याच पोटातले बळद, आढ्याला शिंके, कोपऱ्यात उतरंड. मुंबईची भिंत वीतभर. तिच्या पोटात काय मावणार? तेव्हा गावी जे भिंतीच्या आत होते ते आईने येथे भिंतीवर टांगले. सबंध मुंबईतल्या चाळींनी हेच केले असावे.

मात्र वस्तू टांगता येतात, माणसे टांगता येत नाहीत. त्यांना आई वेळेच्या फळीवर रचून ठेवी. काका आमच्याकडे येण्यापूर्वी गावकीच्या खोलीत राहत असे. तेथे गावातल्या माणसांनी मिळून एक खोली धरलेली. ज्याची त्याची एक ट्रंक आणि एक वळकटी. एक पाळी गिरणीत गेली की दुसरी तिच्या जागेवर आडवी व्हायची. आमच्या घरी तीच रीत आली. आबा रात्रपाळीला, काका दिवसपाळीला. आजी सांगे, 'त्या कॉटला थंड व्हायला म्हणून सवड मिळाली न्हाई.'

बीडीडीच्या चाळी उभ्या राहिल्या त्याच दशकात, १९२६ साली, जर्मनीत फ्रांकफुर्ट शहरी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी साध्या कुटुंबांच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. आगगाडीतल्या भोजनाच्या डब्याचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून, गृहिणीचे एकेक पाऊल मोजून त्यांनी ते बेतले. पीठ, तांदूळ, साखर यांना नाव घातलेले वेगवेगळे खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसली, आणि आजच्या चित्रफितींतली स्वयंपाकघरे त्याच घराण्यातली आहेत. बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले, की ते आखेपर्यंत त्यांनी स्वतः कधी घर चालवले नव्हते की स्वयंपाक केला नव्हता. मला हे वाचून बाईंविषयी आदरच वाटला. पण त्या खोलीत एकटी गृहिणीच मावे. दुसरे माणूस आले की तिची मोजलेली पावले चुकत. आमच्या आईला ते स्वयंपाकघर मिळते तर तिने निम्म्यात स्वयंपाक केला असता आणि निम्म्यात काकाचे अंथरूण घातले असते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो. प्रत्येक वस्तू जागच्या जागी असलेल्या त्या खोलीत आईला जागा कोठे होती? तिची एक ट्रंक होती, लग्नातली, काळी, वर पिवळी वेलबुट्टी. ती उघडली की झाकण सरळ उभे राही आणि त्यामागे आई बसे. लुगड्यांच्या घड्या पुन्हा घालते आहे, असे म्हणायचे. लुगडी तीन, घड्या मात्र बराच वेळ चालत. झाकण उभे आहे तोवर आईला हाक मारायची नाही, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते, तरी ठाऊक होते. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढे एकच दार तिच्या मालकीचे होते आणि तेही दोन फुटांचे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे आबा आणि काका त्यांत होते. मी पाच वर्षांचा होतो. तेव्हाचे फारसे आठवत नाही. पण एक गोष्ट लख्ख आठवते. त्या वर्षी आमच्या घरात जागा झाली. आधी पोटमाळा रिकामा झाला, मग मांडणीच्या वरच्या फळ्या. आईचा माहेरचे नाव घातलेला तांब्याचा हंडा गहाण पडला, मग घागर, मग परात. काका गावी निघून गेला. कॉटला पहिल्यांदाच थंड व्हायला वेळ मिळाला. तांदळाचे पिंप तळाला लागले आणि आम्हां मुलांना लपाछपीला एक उत्तम जागा मिळाली. मी त्यात उतरून बसलो होतो. वरून झाकण ठेवले की आत तांदळाचा वास येई. आईने एकदा मला तेथे शोधून काढले. ती रागावली नाही. तिने मला काखेत धरून बाहेर काढले, पिंप आडवे केले आणि आतून पुन्हा एकदा पुसून घेतले. पुसण्यासारखे त्यात काहीही नव्हते.

तो हंडा परत आला नाही. ट्रंकेतली लुगडी तीनांची एक झाली. झाकण मात्र पूर्वीइतकाच वेळ उभे राही.

मारी कोंडो या जपानी बाईंचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले, आणि पसारा काढून टाकणे हा एक धर्मच झाला. वस्तू हातात घ्या; तिच्या स्पर्शाने आनंद होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या, असे त्या सांगतात. उपदेश चांगला आहे, आणि ज्याने रिकामी फळी हौसेने पाहिली आहे त्याला तो मानवतोही. आमची आई आता डोंबिवलीला आमच्या दोन खोल्यांत असते. मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, दुकानांच्या कापडी पिशव्या, यांपैकी काहीही ती टाकू देत नाही. तिला हातात बाटली घेऊन आनंद होतो की नाही हे मी विचारलेले नाही. ती बाटली हातात घेते, झाकण बसते का पाहते, आणि ठेवून देते. मोकळी जागा पाहून माझ्या पत्नीचे मन प्रसन्न होते. आईचे मन धास्तावते. दोघींनाही मी चूक म्हणू शकत नाही. लहान घरात जागा कधी होत नसते, कोणी तरी ती देत असते. आणि आमच्या घरी कोणी किती दिली याचा हिशेब आईच्या एकटीच्या खाती आहे.

वरळीच्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. २०२५ च्या ऑगस्टात पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या. मावशी त्यांत आहे. आम्ही भेटायला गेलो. हवेशीर घर, स्वतःचा संडास, खिडकीतून बरेचसे आकाश. पण मावशीने सारे सामान एका भिंतीला लावले होते, एकावर एक, आणि बाकीची फरशी मोकळी. सून म्हणाली, 'सांगून सांगून थकले. पलीकडच्या खोलीत यांचं काही जातच नाही.' मावशी हसली. आमची आई मात्र त्या रचलेल्या भिंतीकडे पाहत म्हणाली, 'बेस लावलंयस.'

या दिवाळीच्या साफसफाईत आम्ही पोटात कप्पा असलेला पलंग घेतला. एका हाताने उचलला जातो, आत माणूस मावेल एवढी जागा. पत्नीने आधीच ठरवले होते : तांदळाची गोण आणि गव्हाचे डबे तेथे जातील. आई दारात उभी राहून पाहत होती.

'अन्नावर कुनी झोपतं व्हय?' ती म्हणाली.

तेही खरेच होते. पत्नीने दुसरा तोडगा काढला : माझ्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते. ती आजवर तेलाच्या पंधरा किलोच्या, कडी-झाकण बसवून घेतलेल्या डब्यात असतात. लालबागला मी लिहू लागलो तेव्हा आईने डाळ दुसरीकडे ओतून तो मला दिला होता. कसर लागत नाही, ओल लागत नाही. आईने याचाही थोडा विचार केला.

'विद्येला पाय लागत्याल,' ती म्हणाली.

तेव्हा पलंगाच्या पोटात सध्या चार गोधड्या आहेत आणि पुष्कळशी हवा. तांदूळ पूर्वीच्याच जागी आहे. डबा फ्रिजवर ठेवला आहे.