चार पिढ्या आणि श्रवणबेळगोळ



दिवाळीनंतर आम्ही सहाजण श्रवणबेळगोळला जाऊन आलो. सासूबाई 86 वर्षांच्या, नात साडेचार वर्षांची, मधे आम्ही दोघं आणि लेक-सून. "नेतो नेतो म्हणतोस, मी गेल्यावर नेणार काय?" असं सासूबाईंनी माझ्या लेकाला विचारलं आणि त्यानं त्याच आठवड्यात रजा टाकली.

सांगलीहून गाडीनं पूर्ण दिवसाचा रस्ता. दशम्या, शेंगाची चटणी, बिनलसणाचं भडंग, राजगिऱ्याचे लाडू, पाणी गाळायचं फडकं, सगळं आदल्या रात्री बांधून ठेवलं होतं. नातीला वाटेत बटाट्याचे वेफर्स दिसणार हे ठाऊक होतं, म्हणून केळ्याचे वेगळे घेतले. तिनं एक तोंडात घातला आणि बाकीचे पणजीच्या पदरात ओतले.

हुबळीपर्यंत वेळेत होतो. पुढं रस्त्याच्या कामात दीड तास गेला. चित्रदुर्ग मागं पडल्यावर पाच वाजता गाडी बाजूला घेऊन आम्ही जेवून घेतलं. नात तेव्हा गाढ झोपली होती. सून म्हणाली, "उठवू का?" मीच म्हटलं, "झोपू दे, पोचल्यावर बघू." चूक माझी, हे आधीच सांगून टाकते.

आठच्या सुमाराला ती उठली ती रडतच. भूक लागली होती. सुनेनं डब्यातली दशमी काढली, थर्मास उघडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ता? तीर्थाला जाताना?"

सुनेचा हात तसाच थांबला. ती काही बोलली नाही. मी तिच्या जागी असते, तर मीही बोलले नसते. कुणी बोलायच्या आधीच पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "दे गं तिला. नेम माझा आहे, त्या लेकराचा नाही."

नातीनं अख्खी दशमी संपवली, दूध प्यायली आणि पणजीच्या नावानं काहीतरी गाणं म्हणायला लागली. थोड्या वेळानं सासूबाई मान न वळवता मला म्हणाल्या, "तुला त्या साली उपाशी झोपवलं. ते काही माझ्या डोक्यातनं जात नाही."

मैत्रिणींनो, मला वाटत होतं ते फक्त माझ्याच लक्षात आहे.

1981 चा महामस्तकाभिषेक. मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून केवढी गर्दी! इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं वाहिली होती. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पाचवा महिना चालू होता. दिवसभर गर्दीत संध्याकाळच्या जेवणाची वेळ टळली. रात्री तंबूत भुकेनं पोटात कालवायला लागलं. मी दोनदा म्हटलं, "आई, भूक लागलीय." दशम्यांचा डबा त्यांच्या उशाशी होता. त्या कूस बदलून झोपल्या. मीही पुढं कधी विषय काढला नाही, पण विसरलेही नाही. बीकॉमच्या पोरीनं खातं उघडावं तसं ते मनात उघडून ठेवलं होतं, दर वर्षी व्याज लावत. आणि तेव्हा पोटात असलेला मुलगा आता गाडी चालवत होता. त्याच्या मुलीसाठी मी तेच बोलून बसले होते.

मी सुनेला फक्त एवढंच म्हटलं, "अजून एक दे, लाडू पण आहे." तीही "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विंध्यगिरी चढायला लागलो. लहान मूल बरोबर असेल तर लवकरच जा; चपला खाली काढाव्या लागतात आणि ऊन चढलं की दगड तापतो. मोजे चालतात, ते घ्या. पायऱ्या सहाशेच्या वर आहेत. नात मोजत निघाली, एकोणतीसनंतर वीसदा "दहातीस" म्हणाली, मग आजोबांच्या कडेवर गेली. सासूबाईंना डोली केली. "देवाला जाताना दुसऱ्याच्या खांद्यावर?" असं कुरकुरत बसल्या, पण वर आमच्या आधी पोचल्या.

57 फूट उंच, एका दगडातला बाहुबली. पायावर, दंडावर चढलेले वेल. पायाशी कोरलेला जुना मराठी लेख लेकानं अक्षरं लावून वाचून दाखवला. चावुंडरायानं ही मूर्ती करवली, असं त्यात आहे. नातीला त्यात रस नव्हता. तिला समोरची गुळ्ळकायज्जी आवडली. चावुंडरायाचं घडेच्या घडे दूध मूर्तीच्या पायापर्यंत पोचेना, आणि या म्हातारीच्या चिमुकल्या वाटीतल्या दुधानं सगळी मूर्ती न्हाली, ही गोष्ट सासूबाईंनी तिला तिथंच बसून सांगितली. "ही तूच आहेस का?" नातीनं विचारलं. सासूबाई इतक्या हसल्या, की डोलीवालेही हसले.

संध्याकाळी साडेपाचला सगळे एकदमच जेवलो, नातही. झोपायच्या वेळी बघते तर सासूबाई फडक्यात एक दशमी गुंडाळून तिच्या उशाशी ठेवत होत्या. "रात्री उठली तर असावी," म्हणाल्या.

ती उठलीच नाही. सकाळी दर्शन करून आल्यावर ती दशमी मी खाल्ली.