यादीतली पहिली ओळ

"आई, ग्रीसला शिडाची बोट भाड्याने घेतोय, शनिवार ते शनिवार. येताय ना दोघं?" लंडनहून लेकीचा फोन! ह्यांनी लगेच नकाशा पसरला. एजिना, पोरोस, मोटारी नसलेलं हायड्रा. मला मात्र पोहता येत नाही, हे सांगायची लाज वाटली.

जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रात मेल्टेमी वारा झोडपतो, म्हणून लेकीने जून महिना नि आडोशाचं सारोनिक आखात निवडलं. बोटीवर सुटकेस ठेवायला जागा नाही, घडी होणाऱ्या पिशव्याच हव्यात. गोडं पाणी टाकीतलं, जपून वापरायचं. ते आपल्याला नळाच्या वेळांनी शिकवलंच आहे!

शेवटी रात्री ह्यांना खरं सांगून टाकलं. हसले नाहीत. म्हणाले, "मला तरी कुठं येतं?"

सकाळी यादीत सर्वांत वर लिहिलं : लाइफ जॅकेट, दोन. लेकीला सांगणे.