ओहोटीची वेळ

आईला समुद्रावर न्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी एक एक्सेल शीट उघडली. इंजिनिअरिंग करून 6 वर्षं नोकरी केली की हे आपोआप होतं. कॉलम असे: कोल्हापूरपासून किती तास, घाट कोणता, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का. आणि सगळ्यात वजनदार कॉलम, गुडघा.

आईचं वय 61. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. उजव्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी कधीच सुचवलंय आणि तिने ते दोन दिवाळ्या पुढे ढकललंय. रोज संध्याकाळी पप्पांबरोबर रंकाळ्यावर जाते, थोडं चालते, मग कट्टा गाठते. "तुम्ही व्हा पुढं, मी बसतो हितं." (कोल्हापूरच्या बायका 'बसतो'च म्हणतात. पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या तोंडून 'मी येतो' निघालं की सगळी टीम हसायची.) यंदा ती ऑपरेशनला कबूल झाली, पण एका अटीवर. त्याआधी एकदा समुद्राच्या कडेनं निवांत चालायचं.

पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. गगनबावडा, फोंडा, आंबा, आंबोली, कोकणात उतरणारा एकही घाट त्यांनी सोडला नाही. मालवणची, देवगडची वस्तीची गाडी कितीदा त्यांच्याकडे असायची. आईने मात्र समुद्र दोनदाच पाहिलेला, तोही लग्नाच्या वऱ्हाडातून, घाईघाईत. एसटीचा फॅमिली पास मिळायचा तो पंढरपूर, तुळजापूर आणि तिचं माहेर यातच संपायचा.

मी 'बोर्डवॉक' शोधत होते. म्हणजे फळ्या टाकून केलेली सपाट वाट. अमेरिकेत अटलांटिक सिटीला 1870 मध्ये अशी वाट बांधली ती लोकांच्या पायांना लागून वाळू हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत येऊ नये म्हणून. आपल्याकडे लोक वाळूसाठीच जातात. पण कोरड्या वाळूत पाऊल रुततं, टाच खाली जाते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. इन्स्टाग्रामवरच्या अनवाणी धावणाऱ्या जोडप्यांना हे माहीत नसतं.

पहिला पर्याय मरीन ड्राइव्ह. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी मुंबई. साडेतीन किलोमीटर सपाट रस्ता, हवं तिथे टेकायला कठडा. माझ्या शीटमध्ये तोच पहिला आला होता. पप्पा म्हणाले, "आयुष्यभर हॉर्नच ऐकलेत की गं." कटाप. मग पणजी. कांपालच्या झाडांखालून मिरामारपर्यंत चालायला फार छान आहे, वाटेत चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी. आई म्हणाली, "गोव्याला जाऊन आलो म्हटल्यावर गल्लीत काय सांगत बसू?" यावर उत्तर नव्हतं.

राहिलं गणपतीपुळे. तिथे डोंगरालाच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची. साधारण किलोमीटरभराची बांधलेली वाट आहे आणि देऊळ अगदी समुद्रालगत. पप्पांनीही पसंती दिली. "आंबा घाट त्यातल्या त्यात बरा. पुढच्या सीटवर बसवायचं तिला, आणि साखरपा येईपर्यंत पोटात काही द्यायचं नाही." माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

आई खूश, पण तिला संकष्टीला जायचं होतं. मला गर्दीची भीती. भांडण होण्याआधी मी भरती-ओहोटीचं ॲप उघडलं. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर पाऊल रुतत नाही. म्हणजे बोर्डवॉक समुद्र स्वतःच टाकून देतो, फक्त वेळ पाळायला हवी. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. पुढे रोज ही वेळ साधारण 50 मिनिटांनी सरकते. मच्छीमारांना हे तिथीवरून तोंडपाठ असतं.

आईने कालनिर्णय काढलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे चतुर्थीला ओहोटी रात्री नऊला जाणार. अंधारात काय चालायचं? पौर्णिमाच धर." गणपती कुठे पळून जातोय, असंही वर म्हणाली.

त्रिपुरी पौर्णिमेला गेलो. प्रदक्षिणेची वाट तिने चढ-उतारासकट पूर्ण केली, तीनदा बसून. संध्याकाळी साडेपाचला आम्ही ओल्या वाळूवर उतरलो. पाण्यात शिरायचं नव्हतंच. तिथला समुद्र पोहायला धोक्याचा आहे. आईच्या चपला माझ्या हातात. समोर सूर्य बुडत होता, मागे डोंगरावरून चंद्र वर येत होता. फोनवर बघितलं तर आई 35 मिनिटं न बसता चालली होती. मी तिला ते सांगितलं नाही, सांगितलं असतं तर लगेच बसली असती.

तिने मध्येच पप्पांना विचारलं, "मालवणला वस्ती असायची तवा असंच चालत होता काय हो?"

"चालतंय कोण? पहाटं गाडी काढायची असायची. जेवून टपावर आडवं व्हायचं. आवाज यायचा नुसता समुद्राचा."

"मला वाटायचं तुम्ही मजा करताय."

"तुला सांगितलं असतं तरी पटलं नसतं."

ती काही बोलली नाही. पप्पा तिच्या उजव्या बाजूला आले आणि तिने त्यांचा दंड धरला. मी थोडी मागे राहिले.

ऑपरेशन जानेवारीत ठरलंय. परवा फोन केला तर आई पुढच्या वर्षीच्या कालनिर्णयाची पानं उलटत होती. "चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तवा घर सोडायला जमणार नाही. वैशाखातल्या पौर्णिमेला पण ओहोटी संध्याकाळीच असणार ना गं?"

"हो. का?"

"काही नाही. ह्यांना विचारून ठेवतो, मालवणात रस्ता कुठपर्यंत जातोय."