बारावे चित्र

स्थिर वस्तूचे छायाचित्र घेणे हे एक काम आहे आणि चालत्या वस्तूचे छायाचित्र घेणे हे अगदी निराळे काम आहे. देऊळ, डोंगर, वडाचे झाड ही सारी छायाचित्रकाराची वाट पाहत उभी असतात. माहुली किल्ल्याचे सुळके आज ढगांत दडले, तर उद्या दिसतील. उद्या नाहीच दिसले, तर परवा दिसतील. परंतु आकाशातून जाणारे विमान, घाटाकडे धावणारी आगगाडी, उधळलेला बैल किंवा बांधावरून पळणारे पोर ही कोणासाठी थांबत नाहीत. त्यांच्या बाबतीत वाट पाहण्याचे काम छायाचित्रकाराचे असते, आणि ते वाट पाहणे संपते न संपते तोच सारे होऊन गेलेले असते. गतीचे चित्र काढण्याचा हा छंद मला ऐन तरुणपणी जडला. पुढे पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवताना त्याने मला जेवढे शिकवले, तेवढे थोड्याच ग्रंथांनी शिकवले असेल.

मी त्या वेळी मुरबाड तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होतो आणि शहापूरला राहत होतो. शहापूरच्या बाजारपेठेत एक जुना फोटो स्टुडिओ होता. त्याचे मालक वयाने साठीकडे झुकलेले होते. सारा गाव त्यांना काका म्हणे. त्यांच्याजवळ याशिकामॅट नावाचा जपानी बनावटीचा कॅमेरा होता. एखाद्या लहानशा पेटीला एकाखाली एक असे दोन डोळे बसवावेत, तसे त्याचे रूप. वरचे भिंग पाहण्यासाठी आणि खालचे चित्र घेण्यासाठी. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या दुधी काचेत उमटलेले जग न्याहाळायचे. इतर कॅमेरे डोळ्याला लावून माणूस समोरच्याकडे रोखून पाहतो. हा कॅमेरा हाती घेतलेला माणूस मात्र समोरच्याला नमस्कार करीत असल्यासारखा दिसतो.

ह्या कॅमेऱ्यात १२० नंबरचे रीळ लागे. कोडॅक कंपनीने ते १९०१ साली प्रथम बाजारात आणले आणि आजही ते मिळते. त्यावर जवळजवळ सहा सेंटीमीटर लांब आणि तेवढेच रुंद असे चौकोनी चित्र उमटते. नेहमीच्या लहान रिळावरील चित्राच्या साडेतीन पटींहून ते मोठे असते, त्यामुळे भाताच्या लोंबीवरचे कूसदेखील त्यात स्पष्ट दिसते. मात्र एका रिळात चित्रे बसतात अवघी बारा. बारा झाली की रीळ संपले. त्या काळच्या शिक्षकाच्या पगारात दुसरे रीळ घेणे म्हणजे महिन्याच्या हिशेबात खड्डा पाडणे होते. म्हणून काका सांगत, “गुरुजी, अकरा चित्रं मनासारखी घ्या, पण बारावं राखून ठेवा. स्टुडिओत परत येईपर्यंत रस्त्यात काय भेटेल, हे कोणी सांगावं?”

ह्या कॅमेऱ्याची एक खोड होती. वरच्या भिंगातून येणारा प्रकाश आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडून काचेवर जातो. त्यामुळे प्रतिमा सुलटी दिसते. पण डावे आणि उजवे यांची अदलाबदल होते. डावीकडे धावणारा बैल काचेत उजवीकडे धावतो. त्याला चौकटीत ठेवायचे, तर डोळा सांगतो त्याच्या नेमके उलट हाताने वागावे लागते. नवशिक्याचा हात हमखास भलतीकडे वळतो आणि बैल चौकटीतून नाहीसा होतो. म्हणून काकांनी पहिला महिनाभर मला रीळ दिलेच नाही. रिकामा कॅमेरा घेऊन मी आसनगाव आणि आटगाव यांच्या दरम्यान रुळांपासून दूर, शेताच्या कडेला उभा राहत असे आणि कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या काचेत धरून ठेवण्याचा सराव करीत असे. पौष महिन्यात म्हसा येथे म्हसोबाची मोठी यात्रा भरते. तेथील बैलबाजारात खोंड धावते करून दाखवतात, तेव्हाही माझा रिकामा कॅमेरा त्यांच्या मागे फिरे. शेतकरी हसत आणि विचारीत, “गुरुजी, खोंड घ्यायचा हाय का नुसता बघायचा?”

हळूहळू हात डोळ्याशी समेट करू लागला. मग काकांनी दुसरी युक्ती दाखवली. काचेवरच्या झाकणाची पुढची फळी आत दुमडली की एक उघडी चौकट तयार होते. तिच्यातून थेट पाहिले, तर डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे राहते. फार वेगाने जाणाऱ्या वस्तूसाठी हीच सोय बरी. परंतु आधी अवघड वाट आणि मग सोपी, हा क्रम त्यांनी सोडला नाही. चांगल्या शिक्षकाचे लक्षण मला प्रथम त्यांच्या ठायी दिसले.

खरी कसोटी मात्र पुढेच होती. धावती वस्तू चित्रात आणायची म्हणजे तिला थांबवायची की धावती ठेवायची? थोडे गणित केले की हा प्रश्न स्पष्ट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे सरकते. कॅमेऱ्याचे शटर १/५०० सेकंदच उघडले, तर तेवढ्या वेळात ते साडेपाच सेंटीमीटर सरकेल आणि दुरून घेतलेल्या चित्रात जवळजवळ स्थिर दिसेल. शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर ते अर्ध्या मीटरच्या आसपास पुढे गेलेले असेल आणि चित्र फराटल्यासारखे होईल. तेव्हा १/५०० सेकंद उत्तम, असे कोणालाही वाटेल. पण विमानाच्या नाकावरील पंख्याचे काय? मिनिटाला २,००० फेरे घेणारा पंखा १/५०० सेकंदात केवळ २४ अंश फिरतो. चित्रात त्याची पाती थबकल्यासारखी दिसतात आणि यंत्र बंद पडून विमान आकाशात टांगलेले आहे, असा भास होतो. उलट १/६० सेकंदात तो २०० अंश फिरतो आणि दोन पात्यांचे एक धूसर चक्र बनते. विमान जिवंत दिसायचे, तर हे चक्र हवे. आणि विमान ओळखू यायचे, तर त्याचे अंग स्पष्ट हवे.

दोन्ही साधण्याचा मार्ग एकच आहे. वस्तू जशी सरकेल तसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत राहायचे आणि फिरवता फिरवताच कळ दाबायची. कळ दाबल्यावरही हात थांबवायचा नाही. वस्तूचा आणि कॅमेऱ्याचा वेग जुळला की वस्तू स्पष्ट उमटते आणि मागचे जग पुसट होते. काका म्हणत, “पाहणाऱ्याने थोडं धावणाऱ्याबरोबर धावावं लागतं.”

अर्थात गतीला क्षणभर थांबवण्याचेही मोल आहे. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली अमेरिकेत ओळीने कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यांवरून सिद्ध झाले. घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवण्याची चित्रकारांची परंपरागत पद्धत त्यामुळे चुकीची ठरली. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची चित्रे थोड्या थोड्या वेळाने टिपली आणि ती सलग दाखवून, डोळ्यांना न दिसणारी संथ गती लोकांना दाखवली. एकाने वेगाला थांबवून सत्य शोधले, दुसऱ्याने स्तब्धतेला चालवून.

१९८२ सालच्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांतून एक वार्ता आली. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल घेऊन ‘पस मॉथ’ जातीचे छोटे विमान स्वतः चालवत आणले होते. भारतीय विमानवाहतुकीचा तो आरंभ होता. त्या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्यामुळे तेच टाटा, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ‘लेपर्ड मॉथ’ नावाचे तशाच घडणीचे जुने विमान घेऊन त्याच मार्गाने जुहूला उतरणार होते.

काकांनी वार्ता दोनदा वाचली. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ नेवाळी येथे लष्कराची धावपट्टी झाली होती. तरुणपणी काकांनी तेथली विमाने दुरून पाहिली होती. पण त्या दिवसांत तिकडे कॅमेरा नेण्याची सोयच नव्हती. ती विमाने गेली आणि त्यांची चित्रे काकांच्या मनातच राहिली. आता मोतीबिंदूमुळे त्यांची नजर मंदावली होती. त्यांनी कॅमेऱ्यात नवे रीळ भरले आणि तो माझ्या हाती दिला. “एक चित्र माझं,” ते म्हणाले. “पंखा फिरता हवा.”

मी शुक्रवारी रजा काढून पहाटेच्या लोकलने आसनगावहून निघालो. जुहूच्या कुंपणाबाहेर माझ्यासारखे कितीतरी लोक माना वर करून उभे होते. मोठ्या विमानांच्या गर्जनेला सरावलेल्या त्या आकाशात ते इवलेसे विमान आले, तेव्हा एखादा चतुर उडत यावा तसे वाटले. वरच्या बाजूला जोडलेले पंख, नाकावर एकच यंत्र, आणि आत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वैमानिक! देशातील तरुणांच्या मनांत थोडी आशा आणि उमेद जागवावी, हा आपल्या उड्डाणाचा हेतू असल्याचे त्यांनी त्या दिवशी सांगितले. मी शटर १/६० सेकंदावर ठेवले, उघड्या चौकटीतून विमान धरले आणि त्याच्याबरोबर फिरत राहिलो. भोवतालचे लोक, आवाज, ऊन यांपैकी कशाचेही भान उरले नाही. ते जमिनीला टेकून दूर गेले, तेव्हा माझी अकरा चित्रे झाली होती. बारावे तसेच राखून मी परतलो.

दुसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर मी भातखाचरांच्या बांधावरून एस. टी.च्या थांब्याकडे निघालो होतो. पाचवीतला एक कातकरी मुलगा माझ्या मागे आला. वर्गात तो फारसा बोलत नसे. पळण्यात मात्र त्याचा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता. त्याच्या बापाने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळी झाली की सारे कुटुंब भट्टीवर जाणार होते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पावसाळ्यापर्यंत गैरहजेरीच्या खुणा पडणार होत्या. अशा खुणा पडलेली बरीच मुले पुन्हा शाळेत दिसत नसत.

“गुरुजी, इमान कसं येतं हो खाली?” त्याने विचारले.

मी हात तिरका करून दाखवला. त्याने क्षणभर विचार केला, पिशवी माझ्या पायांशी ठेवली, दोन्ही हात पसरले आणि पिवळ्या भातामधल्या त्या अरुंद बांधावरून तो सुसाट सुटला. वळणावर त्याने अंग एका बाजूला झुकवले, अगदी विमान झुकते तसे. माझा हात आपोआप त्याच्याबरोबर फिरला आणि बारावे चित्र झाले.

त्या रात्री काकांनी अंधाऱ्या खोलीत रीळ धुतले. ओली पट्टी दिव्यासमोर धरून ते भिंगातून बराच वेळ पाहत होते. सातव्या चित्रात विमानाचे अंग स्वच्छ होते आणि नाकापुढे धूसर चक्र फिरत होते. “हे माझं,” ते म्हणाले. मग त्यांचे भिंग पट्टीच्या टोकाशी येऊन थांबले. मुलाचा चेहरा आणि पसरलेले हात स्पष्ट होते. पाय मात्र भाताच्या पिवळेपणात विरघळून गेले होते. काका काही बोलले नाहीत. त्यांनी त्या चित्राच्या दोन प्रती काढल्या आणि पैसे घेतले एकीचेच.

एक प्रत मी मुलाला दिली. ती घेऊन तो भट्टीवर गेला. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तो दारात उभा होता. कडांना विटांची तांबडी माती लागलेले ते चित्र त्याने वहीतून काढून दाखवले. “भट्टीवरच्या पोरांस्नी दाखवलं, गुरुजी. समद्यांना शिकवलं इमान कसं उतरतं ते.”

एका छायाचित्राने मुलाचे शिक्षण होते, असे मानण्याइतका मी भोळा नाही. त्यानंतर दर वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याच्या बापाशी बोलावे लागले, वसतिगृहात त्याच्यासाठी जागा मिळवावी लागली, आणि त्याच्या आईने भट्टीवर दोन हातांची उणीव सोसली. तो दहावीपर्यंत पोहोचला, ह्याचे श्रेय त्या माउलीचे अधिक आहे. परंतु त्या चित्राने माझ्यापुरते एक काम निश्चित केले. हजेरीपटात जे नाव म्हणून दिसत होते, ते मला धावणारे मूल म्हणून दिसू लागले.

आज खिशातल्या भ्रमणध्वनीने एका मिनिटात शंभर चित्रे घेता येतात. त्यांत वाईट काही नाही. त्याने अनेकांच्या हाती चित्रकला आली आहे. जुन्या विमानांविषयीचे प्रेमही सरलेले नाही. १९४७ साली ज्या जातीच्या विमानांनी आपले सैनिक श्रीनगरला नेले, त्या जातीचे एक डाकोटा दुरुस्त होऊन २०१८ साली ‘परशुराम’ या नावाने भारतीय वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. ते पाहायला जाणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो की, शंभर चित्रे जरूर घ्या. पण एखादे तरी बारापैकी एक आहे असे समजून घ्या. आणि परतीच्या वाटेसाठी एक राखून ठेवा. त्या वाटेवर कोण हात पसरून धावत सुटेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.