जहाल, मवाळ, नेमस्त

९ जून
गडचिरोलीच्या बातमीत आज पुन्हा 'जहाल नक्षलवादी'. पकडला जावो की शरण येवो, बातमीत तो जहालच असतो. मवाळ नक्षलवादी अजून कुणा बातमीदाराला भेटलेला नाही. नातीने हाच शब्द शाळेच्या पुस्तकात टिळकांच्या नावापुढे वाचलेला. "आजोबा, टिळक पण तसलेच होते का?" नाही म्हणालो, पण का नाही ते धड सांगता आले नाही. जुनी पुस्तके काढली.

१० जून
टिळकांची मंडळी स्वतःला 'राष्ट्रीय पक्ष' किंवा 'नवा पक्ष' म्हणवत. काँग्रेसमधल्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे मेहता-गोखल्यांच्या गटाला, 'नेमस्त' हा शब्द चालण्यासारखा होता. 'मवाळ'मध्ये मात्र टोमणा आहे. नेमस्त म्हणजे बेताने चालणारा, मवाळ म्हणजे दाबला की दबणारा. फिरोजशहा मेहतांना मवाळ म्हणायचे तर जीभ अडखळावी! मुंबई महापालिका आणि काँग्रेस दोन्हीकडे त्यांचा दरारा होता.

२ जानेवारी १९०७ ला कलकत्त्यात टिळकांनी याच शब्दांचा समाचार घेतला. मुद्दा असा, की ही नावे काळावर अवलंबून आहेत. दादाभाईंनाही एकेकाळी जहाल ठरवले होते, आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील.

१२ जून
सुरत, डिसेंबर १९०७. काँग्रेसचे अधिवेशन खरे नागपूरला व्हायचे, पण तिथे टिळकपक्षाचा जोर, म्हणून सुरतेला हलवले. अध्यक्ष रासबिहारी घोष. २७ तारखेला टिळक बोलायला व्यासपीठावर उभे राहिले आणि गोंधळ माजला. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार हजर होता. त्याने त्या प्रसिद्ध जोड्याचे वर्णन करून ठेवले आहे. लाल चामड्याचा, पुढे टोकदार, मराठी वळणाचा. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला चाटून तो मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, काठ्या आणि शेवटी मंडप रिकामा करायला पोलीस. वाद चार ठरावांचा होता: स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. कलकत्त्याच्या आदल्या अधिवेशनात संमत झालेले हे ठराव सौम्य केले जातील, अशी टिळकपक्षाची धास्ती. शाळेच्या पुस्तकात मात्र हा दोन स्वभावांचा झगडा होऊन बसतो.

१५ जून
खरी गंमत पुढे आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. टिळकांचा त्याला कडवा विरोध. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, त्याची इंग्रजी बाजू सांभाळणारे गोखले मात्र सुधारणेच्या बाजूने. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडणारेही हेच 'मवाळ' गोखले. घरातल्या प्रश्नावर माप लावले तर दोघांच्या पाट्यांची अदलाबदल करावी लागेल. 'जहाल' हा शब्द सरकारशी कसे वागायचे एवढेच सांगतो. विधवा, शाळा, जात यांबद्दल तो मुका आहे.

१६ जून
टिळकांचे भाकीत त्यांच्याच घरात खरे झाले. १९१६ ला लखनौत दोन्ही पक्ष एक झाले, १९१८ ला नेमस्त पुन्हा बाहेर पडले. १९२० ला टिळक गेले आणि गांधींचा असहकार आला. मग नवी नावे: कायदेमंडळात जायचे म्हणणारे 'फेरवाले', नको म्हणणारे 'नाफेरवाले'. न. चिं. केळकर टिळकांचा उजवा हात, 'केसरी'चे संपादक. ते जयकरांबरोबर 'प्रतिसहकार' पक्षात गेले. गांधींच्या अनुयायांच्या लेखी आता केसरीवालेच मवाळ. केळकर तेच होते, शेजारी बदलले होते.

१७ जून
नातीला सांगितले, टिळकांनी बंदूक नव्हे, लेखणी चालवली आणि लेखांपायी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली. पटले म्हणाली. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना एक विनंती: जहाल-मवाळांचा तक्ता जरूर छापा, पण कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या साली, हे दोन रकाने त्यात घाला.