पेटीचा स्थिर आकार

माझी पहिली वसाहत मला मीटरच्या पेटीत मिळाली. जावळी तालुक्यातल्या एका वाडीवरून तक्रार आली होती, शाळेची मीटरपेटी गुणगुणते म्हणून. जोड ढिला झाला की असा आवाज येतो, तेव्हा मी टेस्टर आणि पकड घेऊन डोंगर चढलो. झाकण अर्धं उघडलं आणि तसंच हळूच लावलं. आत मीटरच्या मागे पाच पोळी टांगलेली होती, फडताळात उभी लावलेली ताटं असावीत तशी, आणि त्यांवर माश्यांची दाट तपकिरी साय. केबलच्या भोकाचं रबरी बूच कधीच पडून गेलेलं. सातेरी माशीला हवी तशी जागा होती ती. अंधारी, कोरडी आणि एकच दार.

खांबावरून फ्यूज काढला आणि शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या मधपाळांना बोलावून आणलं. त्या बाबांनी हातमोजे घातले नाहीत. धुराड्यातून दोनदा धूर दिला, पोळी एकेक करून कापली, केळीच्या सोपटानं लाकडी चौकटींना बांधली आणि मग बोटांनी माश्या बाजूला सारत राणी शोधत बसले. राणी मधपेटीत गेली तशी उरलेली फौज तिच्या मागोमाग, एखाद्या लग्नघरात शिरावी तशी आत गेली. "पेटी घेऊन जा," बाबा म्हणाले. "पण वर्षभर पोसावी लागंल. नुसता मध काढायला जाऊ नको."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला तीन पेट्या गमवाव्या लागल्या. तोवर मी वायरमन म्हणून निम्मी नोकरी केली होती. निवृत्त होईपर्यंत पेट्या आणि खांब दोन्ही बरोबरीनं सांभाळले, त्यामुळे एकाचा हिशोब करताना दुसऱ्याचा आपोआप होतो.

महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात मधाचा खरा हंगाम फाल्गुन ते वैशाख. जांभूळ, हिरडा, गेळा एकामागून एक फुलतात. जांभळाचा मध किंचित कडवट लागतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तो भेसळीचा वाटतो. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा दिवाळीच्या आसपास दुसरा हंगाम मिळतो, पण तो सणासारखा. त्यावर संसार चालत नाही. सातेरीची पेटी चांगल्या सालात पाच-सात किलो देते. पंजाबकडून आलेली मेलिफेरा माशी याच्या कितीतरी पट देते, पण ती सखल शेतातली, मोहरी-सूर्यफुलाच्या मागे ट्रकनं हिंडवायची माशी. आमच्या पावसात ती टिकत नाही.

आणि पाऊस इथे जूनमध्ये लागतो तो सप्टेंबर संपेपर्यंत. त्या चार महिन्यांत माशी बाहेर पडत नाही, रान फुलत नाही, पेटीतून थेंबभर मध मिळत नाही. तरी दर आठवड्याला पेटी उघडावी लागते. साखरेचा पाक करून आत ठेवायचा. पेटी ठेवलेल्या घोडीच्या चारही पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना ते बघायचं, नाहीतर मुंग्या चढतात. तळफळी खरवडायची, कारण तिथे साठलेल्या मेणाच्या चुऱ्यातच मेणकिडा जन्म घेतो. एकदा तो पोळ्यात शिरला की आतून रेशमी बोगदे काढत जातो, आणि पंधरा दिवसांनी बघाल तर चौकटीत पोळ्याऐवजी कोळ्याचं जाळं. सातेरी त्याच्याशी भांडत बसत नाही. सरळ घर सोडून निघून जाते. सकाळी पेटी भरलेली, दुपारी रिकामी. ज्याच्या बाबतीत हे घडलंय त्यालाच ती रिकामी पेटी किती हलकी लागते ते माहीत.

आमच्या भावकीतला एक पुतण्या मुंबईत माथाडी कामगार आहे. गावचं घर अकरा महिने बंद. गणपतीला आला की विजेचं बिल हातात धरून माझ्याकडे येतो.

"तात्या, दिवा लावला नाही, पंखा फिरवला नाही. युनिट शून्य. मग हे बिल कसलं?"

बिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, वर वीज शुल्क. या शब्दांचा अर्थ सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. त्याला मी बिल समजावलं नाही. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. मी इरलं घेतलं आणि त्याला परसात पेट्यांपाशी नेलं. पाकाचं भांडं दाखवलं, साखरेचं रिकामं पोतं दाखवलं. म्हटलं, यातून आत्ता किती मध निघतो? शून्य. पण मी आज पाक घातला नाही तर तू मे महिन्यात येशील तेव्हा काय नेशील? हा माझ्या पेटीचा स्थिर आकार.

तो हसला. बिल कमी झालं नाही, पण त्या वर्षी मधाच्या भावात घासाघीस केली नाही.

त्याच्या घराला वीज देणारी ओळ मी डोळे मिटून सांगू शकतो. खालच्या रस्त्यावरच्या डीपीपासून वाडीपर्यंत बावीस खांब, त्यांतले सात ओढ्याच्या पलीकडे. वाडीत घरं नऊ, पैकी चुली पेटतात चार. एवढ्या घरांच्या बिलातून त्या बावीस खांबांचा गंजही खरवडून निघणार नाही. जुलैच्या वादळात ऐनाची फांदी तारेवर पडते, वाडी अंधारात जाते, मग दोन माणसं पायांना जळवा चिकटवत खांबाखांबानं चालत जातात आणि तुटलेला जंपर शोधतात. हा खर्च पुण्यातला फ्लॅट उचलतो, चाकणचा कारखाना उचलतो, काही सरकारी तिजोरी उचलते. विजेची गोम हीच, की बिलाचा मोठा वाटा वीज विकत घेण्यात आणि कोळशात जातो, आणि तरी गावकऱ्याला दिसतो तो फक्त खांब.

१९६० साली राज्याचं वीज मंडळ झालं, २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. मालकी सरकारचीच राहिली. कंपनी झाल्यावर नफ्यातोट्याची भाषा जास्त ऐकू येऊ लागली. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. चोरी, गळती, थकबाकी मी जवळून पाहिली आहे, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत मिळणारी वीजही कुणीतरी भरतोच, तिजोरीतून का होईना. पण निव्वळ नफ्याच्या हिशोबानं बावीस खांब त्या वाडीत कुणी रोवले नसते, हेही तितकंच खरं. आणि आमच्याच डोंगरापलीकडे कोयना आहे. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडून १९६२ पासून तिथे वीज होते. चारही टप्पे मिळून सुमारे १९६० मेगावॅट. त्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली, त्यांच्यातल्या डोंगरात वर सरकलेल्या काही वाड्यांना खांब बघायला कैक वर्षं थांबावं लागलं. स्वस्त विजेच्या किमतीतला हा आकडा कुठल्याच बिलावर छापलेला नसतो.

माझ्या स्वतःच्या बिलावर न छापलेला आकडा आणखी एक आहे. पावसाआधी तारांखालची झाडं छाटावी लागतात. त्या कामाची वेळ चैत्र-वैशाख, म्हणजे नेमकी जांभळाच्या मोहराची. कोयता घेऊन झाडावर चढायचं आणि माश्यांनी घुमणारी फांदी तोडायची, हे मी दर वर्षी केलं. सातेरी घरापासून साधारण किलोमीटरभराच्या आत चरते. माझ्या पेट्या तिथून हाकेच्या अंतरावर. खाली पडलेल्या डहाळीवरसुद्धा माश्या संध्याकाळपर्यंत बसत. जून महिन्यात वाडीत दिवा राहायचा असेल तर फांदी जायलाच हवी होती, आणि मी ती तोडली. पुढे मी छाटणीच्या गड्यांना सांगू लागलो, शेंड्याचं तेवढं घ्या, आडवी फांदी तारेपासून लांब आहे ती राहू द्या. कधी ऐकलं, कधी नाही.

सगळ्यात वाईट चूक मात्र कुणावर ढकलता येणार नाही. एका श्रावणात उघडीप मिळाली म्हणून भर दुपारी पाक घातला आणि घाईत पेटीच्या दाराशी सांडला. पाक घालायचा तो दिवस मावळताना, हे बाबांनी शंभरदा सांगितलेलं. वासानं शेजारच्या जोरकस पेटीतल्या माश्या आल्या, कमजोर पेटी लुटली गेली. दारात माश्या एकमेकींना धरून गडगडत होत्या. मी दार अरुंद केलं, वर ओलं गोणपाट टाकलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळी फळीवर मेलेल्या माश्यांचा ढीग सुपानं भरला.

यंदा नऊ पेट्यांपैकी सहा उरल्या. तीन रिकाम्या पेट्या उन्हात तापवून, पोळ्यांना गंधकाची धुरी देऊन ठेवल्यात. पोळी जपायची, कारण नवं मेण करायला माशीला कितीतरी मध खावा लागतो. म्हणूनच पोळं पिळायचं नसतं, यंत्रात फिरवून मध काढायचा आणि तेच पोळं परत द्यायचं.

त्या पेट्यांना माश्या हव्या आहेत. तुमच्या मीटरपेटीत सातेरी बसली तर औषधाचा फवारा मारू नका, पेटवून तर मुळीच देऊ नका. आधी वायरमनला कळवा, पुरवठा बंद करून घ्या, मग जवळचा मधपाळ बोलवा. माशी डोंगरातली असेल आणि आमच्या पट्ट्यातली असेल, तर केळीचं सोपट घेऊन मी येईन.