गोळी आधी, सुरमई नंतर

रात्रीचे अकरा. अण्णा आत्ता कुठे झोपले. त्यांच्या पार्किन्सन्सची औषधं लिहून देणारे डॉक्टर मुंबईत, ती देणारी आई श्रीवर्धनला. चिठ्ठीवर डोस असतो, दिवस नसतो. लिव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी, कारण जीवना बंदरावरच्या सुरमईतली प्रथिनं तिचं शोषण अडवू शकतात. पाय जागीच खिळले तर ओढू नये, फरशीच्या रेघेवर पाऊल टाकायला सांगावं. हे कुणीतरी घरी येऊन शिकवायला हवं.

ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरांसाठी ‘ॲडमिरल नर्स’ असतात. सांभाळणाऱ्याचीही विचारपूस करणं हे त्यांचं कामच. आपल्याकडे डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ साली मुंबईत सुरू केलेली पार्किन्सन्स सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आधारगट चालवतात. त्यांचा धीर मोठा. पण अंथरुणात कूस कशी वळवायची, हे शहरातून फोनवर कळत नाही.

आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. मग तालुक्याला एक प्रशिक्षित सिस्टर का नसावी? तिनं अण्णांची नाडी बघावी आणि आईलाही विचारावं, “काकू, तुम्ही जेवलात का?” हा प्रश्नही उपचारच आहे.